मुलाच्या तोंडात आरसा घालायच्या आधी: दंतविद्यार्थ्यांना बालदंतचिकित्सा शिकवण्याचा क्रम

पिडोचं, म्हणजे बालदंत विभागातलं, पोस्टिंग सुरू झालं की पहिल्या आठवड्यात हमखास एक दृश्य दिसतं. तासगाव किंवा जतकडून सकाळची पहिली एसटी पकडून आलेली आई, तिच्या कडेवर चार वर्षांचं मूल, आणि समोर फायनल इयरचा विद्यार्थी. ग्लोव्हज घातलेले, मास्क नाकावर, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात टोकदार प्रोब, म्हणजे दात चाचपायची सळई. त्याचं पहिलं वाक्य असतं, "आ कर." मूल तोंड घट्ट मिटतं. पुढची पंधरा मिनिटं ते तोंड उघडवण्यात जातात आणि शेवटी केस पेपरवर शब्द पडतो, "अनकोऑपरेटिव्ह". एका शब्दात सगळा दोष मुलाच्या माथी बसतो. विद्यार्थ्याला आपण कुठल्या क्रमाने शिकवलं, हे कुणी विचारत नाही.

हा लेख शिकवणाऱ्यांसाठी आहे: लेक्चरर, पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी), आणि इंटर्नची बॅच घेऊन शाळांच्या शिबिरांना जाणारे आपण सगळे. आपण आधी हात शिकवतो, म्हणजे कॅव्हिटी भरणं, पल्पोटॉमी (नसेचा वरचा भाग काढणं), क्राउन (दातावरची टोपी). बघणं आणि बोलणं वेळ उरला तर. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढच्या टप्प्यावर सोडू नका. केसेसचा कोटा मागे राहिला तर राहू दे.

तयारी: पोस्टिंगच्या आधीचा आठवडा

सामानापासून सुरुवात करा, कारण मूल खुर्चीत बसल्यावर विद्यार्थी काही शोधायला उठला की सगळं मुसळ केरात.

- लहान आकाराचे आरसे, आणि टोकाला ०.५ मि.मी.ची गोळी असलेला डब्ल्यूएचओ प्रोब. टोकदार एक्सप्लोरर ट्रेमध्ये ठेवूच नका.
- वजनकाटा. बालरुग्णांच्या ओपीडीत तो चालू अवस्थेत असायलाच हवा. भूल आणि औषध दोन्ही वजनावर ठरतात.
- हातात धरायचा छोटा आरसा, मुलाला स्वतःचे दात दिसावेत म्हणून.
- मोठ्या खुर्चीत मूल घसरतं, तेव्हा पाठीखाली घालायला उशी.
- टायपोडोंटचे (सरावासाठीच्या खोट्या दातांच्या जबड्याचे) दोन संच: एक फक्त दुधाच्या दातांचा, एक मिश्र दातांचा. मोठ्यांच्या टायपोडोंटवर सराव केलेला हात दुधाच्या दाढेत हमखास खोल जातो.

यानंतरची तयारी शब्दांची, आणि ती सहसा कुणीच करत नाही. विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने आखायला लावा. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे मुलाला सांगायचा शब्द. आमच्याकडे रुळलेले काही असे: थ्री-वे सिरिंज (हवा-पाणी सोडणारी नळी) म्हणजे "वारा आणि पाऊस", सक्शन म्हणजे "तहानलेली नळी", एअरोटर (दात कोरायचं यंत्र) म्हणजे "शिट्टी वाजवणारा ब्रश", रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा) म्हणजे "दाताचा रेनकोट", स्टीलचा क्राउन म्हणजे "चांदीची टोपी", एक्स-रे म्हणजे "दाताचा फोटो". तुमच्या बॅचला दुसरे सुचतील, सुचू द्या. अट एकच, शब्द आधी ठरलेला हवा. ऐनवेळी विद्यार्थ्याच्या तोंडून "ड्रिल", "सुई", "इंजेक्शन" हेच निघतं.

"कीड" हा शब्द त्या वहीत लाल शाईने खोडायला सांगा. वाळवा तालुक्यातला एक पाच वर्षांचा मुलगा खुर्चीत डोळे मिटायलाच तयार नव्हता. खूप वेळाने त्याने हळूच विचारलं, "रात्री ते किडं जिभेला चावत्यात का?" आज्जीने "दाताला कीड लागली" म्हटलं होतं आणि पोराने ते शब्दशः घेतलं होतं. कित्येक रात्री तो तोंडात किडे वळवळतायत असं समजून झोपत होता. तेव्हापासून आमच्याकडे मुलाला "दाताला खड्डा पडलाय, तो बुजवायचाय" असंच सांगतात.

तपासा: मुलाला आरसा, वारा, पाणी आणि सक्शन यांची ओळख कशी करून देशील, हे विद्यार्थी तुमच्यासमोर अडखळत सांगत असेल तर अजून दोन दिवस सराव करू द्या. न अडखळता सांगता आलं की पुढे.

टप्पा १: हात बांधून बघायला लावा

पहिले दोन दिवस विद्यार्थ्याने ग्लोव्हज घालायचे नाहीत. त्याला वेटिंगच्या बाकड्यापाशी बसवा आणि प्रत्येक मुलाविषयी चार गोष्टी टिपायला सांगा. मूल कुणाला बिलगून बसलंय? एका बाजूनेच खातंय का? चेहऱ्यावर सूज आहे का? आणि पालक त्याला काय सांगतायत? शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "गप बस, न्हाईतर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य बाकड्यावर ऐकू आलं, की आत आल्यावर मूल कसं वागणार हे तिथेच कळतं.

संध्याकाळी तेच मूल आत कसं वागलं हे फ्रँकल स्केलवर लिहून घ्या: पूर्ण नकारापासून आनंदाने साथ देण्यापर्यंत चार पायऱ्या. विद्यार्थी सुरुवातीला प्रत्येक रडणाऱ्या मुलाला पहिली पायरी देतात. रडत रडत तोंड उघडणारं मूल आणि लाथा झाडणारं मूल यांत पुष्कळ अंतर आहे, ते त्यांना दाखवून द्या.

टप्पा २: पालकांशी बोलणं

इथे विद्यार्थी फॉर्म वाचून दाखवतात. "गोड खातो का?" "थोडं थोडं." संपलं. हा प्रश्नच कुचकामी आहे.

त्याऐवजी कालचा दिवस विचारायला शिकवा. "ताई, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते सांगा." मग आपोआप बाहेर पडतं: उठल्याबरोबर साखरेचा चहा आणि खारी, दहाला बिस्कीट, शाळेतून आल्यावर गूळशेंगा, बेदाण्याच्या शेडवरून आणलेले बेदाणे खिशात घालून दिवसभर एकेक, रात्री झोपताना बाटलीत साखर घातलेलं दूध. साखर किती गेली यापेक्षा ती दिवसात किती वेळा गेली, हे विद्यार्थ्याला मोजायला लावा. प्रत्येक वेळी गोड गेलं की दातावर आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला वेळ लागतो. जेवणाबरोबर खाल्लेला कंदी पेढा परवडतो. दर अर्ध्या तासाने तोंडात टाकलेला एकेक बेदाणा परवडत नाही, तो तर दाढांच्या खाचांत चिकटूनही बसतो. खोकल्याच्या गोड सिरपविषयीही विचारायला सांगा, ते बहुतेक जण विसरतात.

दात कशाने घासता हेही विचारायचं, आणि "ब्रशने का?" असं उत्तर सुचवून नाही. आपल्या भागात काही घरांत आज्जी स्वतः मिश्री लावते आणि नातवाचा दात दुखला तर तीच त्याच्या हिरडीला लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे त्या आज्जीला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. विद्यार्थ्याने तिथे तोंड वाकडं केलं की ती पुन्हा काही सांगणार नाही. "आज्जी, दुखणं थांबावं म्हणूनच लावलं तुम्ही. पण यात तंबाखू आहे, लेकराला नको" एवढं पुरतं.

पेस्टचं माप ब्रशवर काढून दाखवायचं, तोंडाने सांगायचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्ट फ्लोराइडची, किमान १००० पीपीएमची. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात आईबापाचा फिरला पाहिजे. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

सावधान: दीड वर्षाच्या मुलाच्या आईलाही विद्यार्थी "वाटाण्याएवढी" सांगून मोकळे होतात. एवढी पेस्ट ते मूल गिळणार. हे ऐकलं की तिथल्या तिथे थांबवा.

टप्पा ३: मुलाशी ओळख

सांगा, दाखवा, करा. ही पद्धत पुस्तकात प्रत्येकाने वाचलेली असते आणि खुर्चीशी प्रत्येक जण तिचा मधला भाग गाळतो. सांगतात, आणि थेट करतात. दाखवणं म्हणजे वस्तू मुलाच्या हातात देणं. वारा आधी त्याच्या तळहातावर, मग गालावर, मग दातावर. आरसा आधी त्याच्या हातात, त्यात त्याचं नाक, मग दात. याला दोन मिनिटं लागतात. ती वाचवली की पुढची वीस मिनिटं जातात.

बोलताना तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

१. विद्यार्थ्याने बसून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलायचं. मास्क आधी खाली, चेहरा दिसू द्यायचा, मग मुलाला सांगून वर घ्यायचा.

२. "दुखणार नाही" म्हणायचं नाही. मुलाच्या कानात "दुखणार" एवढंच राहतं. आणि दुखलं, तर डॉक्टर खोटं बोलतात हे ते मूल आयुष्यभर लक्षात ठेवतं. "चिमटा काढल्यासारखं वाटेल, मी पाचपर्यंत मोजते, तू पण मोज" हे खरं आहे आणि मुलाला झेपणारं आहे.

३. थांबण्याची खूण. डावा हात वर केला की आपण थांबायचं. ही खूण उपचाराच्या आधी दोनदा खेळून बघायची: मूल हात वर करतं, विद्यार्थी लगेच हात बाजूला घेतो. मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू येतं ते विद्यार्थ्याला नीट बघू द्या. या मोठ्या खुर्चीत आपलं कुणीतरी ऐकतं, हे त्या पोराला पहिल्यांदाच कळलेलं असतं. आणि खूण दिली असताना विद्यार्थी "झालंच, एक मिनिट" म्हणून चालूच राहिला, तर त्या दिवसापुरतं ते मूल त्याच्याकडून काढून घ्या. एकदा मोडलेला विश्वास त्याच बैठकीत परत जुळत नाही.

शाबासकीही नेमकी हवी. "गुड बॉय" हे सगळ्यांनाच म्हटलं जातं. "सक्शन आत असताना तू जीभ एकदम गप्प ठेवलीस" म्हटलं की मुलाला कळतं, नेमकं काय परत करायचंय.

तपासा: विद्यार्थ्याने पाच मुलांशी अशी ओळख करून घ्यायची, उपचार काहीही करायचा नाही. पाचांपैकी तिघांनी स्वतःहून तोंड उघडलं तर टप्पा पार.

टप्पा ४: तपासणी

तीन वर्षांखालचं मूल खुर्चीत बसवू नका. गुडघ्याला गुडघा लावून तपासणी शिकवा. आई आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात, गुडघे एकमेकांना टेकलेले. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना. मग आई त्याला हळूच मागे झोपवते, डोकं विद्यार्थ्याच्या मांडीवर येतं. आई त्याचे हात धरते आणि कोपरांनी पाय सांभाळते. मुलाला वर आईचा चेहरा दिसत राहतो. मूल रडेल, हे आईला आधीच सांगायचं. रडताना तोंड उघडं असतं, आपली तपासणी एका मिनिटात होते आणि लगेच मूल आईच्या कुशीत. हे न सांगता झोपवलं तर आई घाबरते, आणि आई घाबरली की मूल दुप्पट.

आता तोंडात काय बघायचं, आणि तेही कुठल्या क्रमाने.

आधी वरचा ओठ उचला. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ आहे का? रात्रीच्या बाटलीची पहिली खूण तिथेच दिसते. खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाला असल्यामुळे बरेचदा वाचतात. तेही किडले असतील तर प्रकरण गंभीर समजायचं. ही रेघ ओल्या दातावर दिसत नाही, म्हणून वाऱ्याने किंवा कापसाने पुसूनच बघायचं. या अवस्थेत फ्लोराइड आणि खाण्यातला बदल यांनी दात सावरू शकतो. ती रेघ नजरेतून सुटली की सहा महिन्यांनी तिथे तपकिरी खड्डा असतो.

प्रोबचं टोक दाबून "अडकतंय का" बघायची सवय मोडून काढा. वरचा थर शाबूत असलेल्या डागावर टोकदार प्रोब दाबला की तो थर तिथेच फुटतो. गोळीचा प्रोब पृष्ठभागावरून फक्त फिरवायचा.

मग दात मोजा. इथे होणारी चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा थांबून सांगते. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात पाच. सहाव्या वर्षाच्या आसपास या पाचांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईला ती नवी आहे हेच कळत नाही. आठ वर्षांची मुलगी येते, खालची दाढ मुळापर्यंत गेलेली, आणि आई म्हणते, "दुधाचीच हाय न्हवं, पडंल की." ती दाढ पडणार नसते आणि तिच्या जागी दुसरी येणार नसते. आईचं हे न कळणं समजू शकतं. पण विद्यार्थीही घाईत ४६ (खालची उजवी कायमची पहिली दाढ) च्या जागी ८५ (तिच्या पुढची दुधाची दाढ) लिहून बसतात, आणि मग एखादा उत्साही हात चिमटा घेऊन पुढे येतो.

नियम साधा: मधल्या रेषेपासून बोट ठेवून मोजायचं. सहावा दात दुधाचा असूच शकत नाही. मध्ये एखादा दात काढलेला असेल तर मोजणी फसते, तेव्हा आकार आणि रंग बघा. कायमचे दात मोठे आणि जरा पिवळसर असतात, दुधाचे पांढरट.

सावधान: कुठलाही दात काढण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्या दाताचा आकडा मोठ्याने म्हणायचा, मधल्या रेषेपासून मोजून दाखवायचा, आणि दुसऱ्याने एक्स-रेवर खात्री करायची. याला अपवाद नाही.

टप्पा ५: उपचार, सोप्याकडून अवघडाकडे

विद्यार्थ्याची पहिली प्रक्रिया फ्लोराइड व्हार्निश असू द्या. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, दुधाच्या दातांना ०.२५ मि.ली. पुरतं. दात पुसायचे, पातळ थर लावायचा, पालकांना सांगायचं की दात दोन दिवस पिवळट दिसतील, आज कडक आणि गरम खायचं नाही, आज रात्री ब्रश नाही. मग सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा थर, पहिल्या कायमच्या दाढेवर. इथे एकच शत्रू, लाळ. एचिंगनंतर, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग खरबरीत केल्यावर, दात ओला झाला तर पुन्हा एच करा, वरून लावून टाकू नका.

त्यानंतर भरणं. मोठ्यांच्या दाताचा अंदाज मनातून काढून टाकायला सांगा. दुधाच्या दाढेचं एनॅमल पातळ असतं आणि नसेची शिंगं, विशेषतः पुढची गालाकडची, बरीच वर आलेली असतात.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं चांदीयुक्त द्रव) लावायचं असेल तर किडलेला भाग काळा होणार, कायमचा. हे पालकांना फोटो दाखवूनच सांगा आणि लेखी संमती घ्या. ओठांना आधी व्हॅसलिन लावा, नाहीतर त्वचेवर डाग पडतात. चांदीची ॲलर्जी आहे का, हे विचारायला विसरू नका.

भूल

भुलीचा हिशोब दरवेळी कागदावर करायचा. २ टक्के लिग्नोकेन (भुलीचं औषध) म्हणजे १ मि.ली.त २० मि.ग्रॅ. मुलांसाठी मर्यादा किलोमागे ४.४ मि.ग्रॅ. धरा. १५ किलोच्या मुलाला ६६ मि.ग्रॅ., म्हणजे ३.३ मि.ली., याच्या वर नाही. हा आकडा केस पेपरवर दिसला नाही तर सिरिंज हातात द्यायची नाही. "अंदाजे एवढंच लागतं" हे उत्तर मला खपत नाही. मोठ्यात क्षुल्लक वाटणारा फरक १२ किलोच्या अशक्त मुलात घातक ठरू शकतो.

देण्याचा क्रम:

१. हिरडी कोरडी करा, बधिर करणारं जेल थोडंसं लावा, पूर्ण एक मिनिट थांबा. ओल्या हिरडीवर लावलेलं जेल लाळेबरोबर वाहून जातं आणि घसा मात्र बधिर होतो.

२. सिरिंज हनुवटीखालून, मुलाच्या नजरेआडून घ्या. असिस्टंटने ती डोळ्यांसमोरून पुढे केली की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

३. दुसऱ्या हाताने गाल ताणून धरा आणि बोलत राहा.

४. मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, मग सावकाश सोडा. मुलाला दुखतं ते बरंचसं वेगाने सोडल्यामुळे.

५. खालच्या जबड्याचा ब्लॉक (अख्खी बाजू बधिर करणारी भूल) देताना लहान मुलात नस जबड्यात शिरते ते छिद्र दातांच्या पातळीच्या खाली असतं. मोठ्यांच्या उंचीवर सुई घातली तर भूल चढत नाही आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा टोचत राहतो.

दुधाची खालची दाढ काढताना काउहॉर्न फोर्सेप्स (मुळांच्या मध्ये टोकं रुतवणारा चिमटा) वापरू नका. तिच्या फाकलेल्या मुळांच्या मध्येच कायमच्या दाताचा अंकुर बसलेला असतो.

घरी पाठवताना: दोन-तीन तास ओठ बधिर राहणार, त्या वेळात मूल ओठ चावत नाही ना हे बघायचं. हे फक्त आईला सांगून भागत नाही, कारण एसटीत आई पेंगते. मुलालाही सांगा, "तुझा ओठ झोपलाय, त्याला उठवू नको." दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन मुलांना नाही.

टप्पा ६: शाळेतलं शिबिर

वर्गाबाहेर पोरांची रांग लागते, इंटर्न दोनशे तोंडं बघतात, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि फोटो. शिबिराचा काय उपयोग झाला, हे सहा महिन्यांनी कुणी विचारत नाही. विचारायला लागा.

आठ दिवस आधी मुख्याध्यापकांमार्फत पालकांचं मराठी संमतीपत्र जायला हवं. नुसती तपासणी आणि व्हार्निश यांच्यासाठी दोन वेगळ्या सह्या. फोटोसाठी तिसरी.

आरशांचा हिशोब मुलांच्या संख्येवर करा. ६० मुलं तर ६० निर्जंतुक आरसे, किंवा तेवढ्याच लाकडी पट्ट्या. वापरलेले वेगळ्या झाकणाच्या डब्यात. दोन आरसे स्पिरिटमध्ये बुडवून शंभर मुलांना फिरवणं बंद झालं पाहिजे, याबाबत कुठलीही सबब ऐकू नका. ग्लोव्हजही प्रत्येक मुलामागे नवे.

जागा व्हरांड्यात, उजेडाकडे मुलाचं तोंड. हेडलॅम्प सोबत. एक जण तपासतो, एक लिहितो, तिसरा मुलाला प्रत्यक्ष ब्रश करायला लावतो.

सावधान: "याची सगळी दाढ किडलीय" असं रांगेसमोर ओरडून लिहून घेऊ नका. आकडे हळू आवाजात, कोडमध्ये सांगा. त्या मुलाला शाळेत पुढे "किडक्या" म्हणून चिडवतात, आणि मग ते हसताना तोंडावर हात ठेवायला लागतं.

गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांची मुलं असतात. त्यांना "सहा महिन्यांनी या" सांगण्यात अर्थ नाही, तोपर्यंत टोळी गावी गेलेली असते. जे करायचं ते त्याच भेटीत, आणि पालकांच्या हातात मराठीत लिहिलेलं कार्ड: कुठला दात, काय केलं, पुढे काय करायचं. भेट सकाळी सातला नाही, दुपारी ठरवा. भल्या पहाटे आईबाप फडात असतात.

ज्यांना उपचार लागणार त्यांची यादी शाळेकडे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही द्या. ० ते १८ वयाच्या मुलांच्या त्यांच्या तपासणीत दातांची कीडही येते, त्यामुळे पाठपुराव्याला आणखी दोन हात मिळतात.

टप्पा ७: किशोरवयीन मुलं

चौदा वर्षांच्या मुलाशी "दाताचा रेनकोट" बोललात तर तो तुमच्याकडे परत येणार नाही. इथली भाषा वेगळी, आणि पाच मिनिटं पालकांशिवाय बोलणंही लागतं. दार उघडं, विभागातलं दुसरं कुणी नजरेच्या टप्प्यात, पण संभाषण खासगी.

तंबाखूचा प्रश्न थेट विचारला की उत्तर "नाही" येतं. "घरात कोण मिश्री लावतं?", "वर्गात पोरं काय खातात?", मग "तू कधी खाऊन बघितलंस?" या क्रमाने विचारायला शिकवा. आणि सुपारी सुटू देऊ नका. विद्यार्थी फक्त तंबाखू विचारतात, मुलगा प्रामाणिकपणे नाही म्हणतो, आणि खिशात सुपारीची पुडी असते. तोंड आखडण्याचा आजार सुपारीनेच होतो, तिच्यात तंबाखू नसला तरी. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, तिखट झोंबतं का, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ आहे का, हे प्रत्येकाचं बघायचं. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक कार्डावर लिहून द्या.

वयात येणाऱ्या मुलींच्या हिरड्यांतून रक्त येतं आणि घरातून सल्ला मिळतो, "ब्रश नको लावू." उलट मऊ ब्रशने नीट घासणंच गरजेचं असतं.

कबड्डी, कुस्ती, सायकल. आपल्याकडे पुढचा दात निखळून येणारी मुलं याच वयातली. हे विद्यार्थ्याने शाळेतल्या पीटीच्या सरांना शिकवायचं: दात मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, माती लागली असेल तर फक्त पाण्याने अलगद धुवायचा, शक्य असेल तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून दवाखान्यात. पहिला अर्धा तास सोन्यासारखा. रुमालात गुंडाळलेला, खडखडीत कोरडा झालेला दात घेऊन दुसऱ्या दिवशी आलेल्या पोराला फार काही देता येत नाही. दुधाचा दात निखळला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या अंकुराला इजा होते.

सावधान: जखमांचं कारण पटत नसेल, किंवा मुलाने काही सांगितलं, तर विद्यार्थ्याने स्वतः चौकशी करत बसायचं नाही आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. लगेच शिक्षकाला कळवायचं. पोक्सो कायदा, २०१२ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८.

टप्पा ८: सही करण्यापूर्वी

जर्नलवर सही करताना केसेसचा आकडा बघून थांबू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला एका अनोळखी मुलासोबत अर्धा तास बसवा आणि तुम्ही मागे उभे राहून फक्त बघा. मूल आत येताना विद्यार्थी उठून पुढे गेला का? वजन घेतलं? हात वर केल्यावर थांबला? सहावा दात मोजला? आईला पेस्ट ब्रशवर काढून दाखवली? यातलं एकही "नाही" असेल तर सही पुढच्या आठवड्यात.

आणि पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी त्याच्याकडून त्याच्या सगळ्या मुलांची परतभेटीची यादी घ्या: नाव, तारीख, पालकांचा फोन, कुठल्या दाताचं काय राहिलंय. ती पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि पहिला फोन तुमच्यासमोर करायला लावा.